रोमन सिनेटर कसा घडायचा: वीस, आठ आणि दोन

रोमच्या प्रजासत्ताकाच्या शेवटच्या तीस-पस्तीस वर्षांत राजकारणात उतरणाऱ्या तरुणाचं सगळं आयुष्य तीन आकड्यांत अडकलेलं असायचं: वीस, आठ आणि दोन. दर वर्षी वीस क्वेस्टर (खजिनदार) निवडले जात, आठ प्रीटर (न्यायाधीश) आणि दोन कॉन्सल (राज्याचे सर्वोच्च अधिकारी). क्वेस्टर झाला की माणूस सिनेटमध्ये बसला, आणि ती जागा बहुधा जन्मभराची. पण त्या वीसांतल्या बारांची गाडी प्रीटरपदाच्या अलीकडेच अडणार, आणि पुढे गेलेल्या आठांतले सहाजण कॉन्सल न होताच म्हातारे होणार, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं होतं. रोमन पुढाऱ्यांची अफाट कर्जं, मतांसाठी वाटलेला पैसा, प्रांतांची लूट आणि शेवटी यादवी, या सगळ्याचा उगम शोधताना आधी हा हिशेब समजून घ्यावा लागतो.

पदांच्या या शिडीला लॅटिनमध्ये ‘कर्सस ऑनरम’ म्हणत. ‘ऑनर’ म्हणजे मान, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ पद. आपल्याकडे जत्रेत पालखीचा ‘मान’ एखाद्या घराण्याकडे असतो, तेव्हा त्या शब्दात हक्क आणि प्रतिष्ठा दोन्ही येतात. रोमन माणसाच्या कानाला ‘ऑनर’ साधारण तसाच लागत असे. या पदांना पगार नव्हता. उलट पदरमोड ठरलेली.

आपल्याकडे ग्रामपंचायतीचं तोंडही न पाहिलेला माणूस थेट आमदार होऊ शकतो. रोममध्ये पायरी गाळायला कायद्याचीच बंदी होती. इ.स.पू. १८० मध्ये व्हिलियस नावाच्या ट्रिब्यूनने (सामान्य जनतेच्या बाजूच्या अधिकाऱ्याने) पदांसाठी किमान वयं ठरवणारा कायदा केला. इ.स.पू. ८१ मध्ये हुकूमशहा सुल्लाने तो आणखी आवळला: क्वेस्टर व्हायला ३० वर्षं पूर्ण हवीत, प्रीटरला ३९, कॉन्सलला ४२. मुदत एकाच वर्षाची. दोन पदांमध्ये दोन वर्षं मोकळी गेली पाहिजेत. तेच पद पुन्हा हवं असेल तर दहा वर्षं थांबायचं. शिवाय कुठलंही पद एकट्याचं नाही. बरोबरीचा सहकारी असणारच, आणि तो तुमचा हुकूम अडवू शकणार. परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये राजाला हाकलून देणाऱ्या लोकांनी ही रचना केली होती. पुन्हा कोणी राजा होऊ नये, एवढ्यासाठी सत्ता थोडी, थोडा वेळ आणि वाटून द्यायची.

ही शिडी नेमकी कशी चढायची हे पाहायला मार्कस तुलियस सिसेरोसारखा दुसरा माणूस नाही. तो ३ जानेवारी १०६ रोजी रोमच्या आग्नेयेला असलेल्या अर्पिनम या डोंगराळ गावात जन्मला (यापुढचीही सगळी सालं इ.स.पू. आहेत). घराण्यात कोणी सिनेटर नव्हता. अशा माणसाला रोमन लोक ‘नवा माणूस’ म्हणत, आणि तो शब्द कौतुकाचा नव्हता. त्याची आणि त्याला आलेली मिळून नऊशेहून अधिक पत्रं टिकली आहेत, त्यामुळे निवडणुकीच्या आधी कोण कुणाला भेटलं, व्याजाचा दर किती झाला, इथपर्यंतचे तपशील हाती लागतात.

पहिल्या पायरीच्या आधी

सर्वांत आधी पैसा लागे. सिनेटरांच्या खालोखाल असलेल्या ‘घोडेस्वार’ वर्गात मोडायला ४ लाख सेस्टर्सची (सेस्टर्स हे रोमन नाणं) मालमत्ता लागायची. पुढे सीझरने सैनिकांचा पगार दुप्पट केला, तेव्हाही तो वर्षाला ९०० सेस्टर्स होता. म्हणजे उमेदवारीचा उंबरठा साध्या सैनिकाच्या चारशेहून अधिक वर्षांच्या पगाराएवढा उंच. मग लष्करी नोकरी. जुन्या काळी पदाला उभं राहण्याआधी दहा मोहिमा कराव्या लागत. सिसेरोच्या पिढीत ती अट बरीच सैल झाली होती. त्याने ८९ च्या सुमारास इटलीतल्याच बंडखोर मित्रराष्ट्रांविरुद्धच्या युद्धात थोडी नोकरी केली आणि तलवार ठेवून दिली.

नाव कमवायचा दुसरा रस्ता न्यायालयातून जायचा. वकिलाला फी घ्यायची मनाई होती, पण ज्याचा खटला चालवला तो आणि त्याचं सगळं गणगोत कायमचं ऋणी राही. सिसेरोने ८० मध्ये, सुल्लाची दहशत असताना, वडिलांच्या खुनाचा आरोप असलेल्या रोस्कियसचा बचाव केला आणि सुल्लाच्या मर्जीतल्या माणसाकडे भर न्यायालयात बोट दाखवलं. खटला जिंकला, नाव झालं. निवडणुकीत हे ऋण मतांच्या आणि माणसांच्या रूपाने परत यायचं.

क्वेस्टर: हिशेब, धान्य आणि एक धडा

क्वेस्टर म्हणजे खजिनदार. ५ डिसेंबरला पद हाती घेतल्यावर कोणी कुठे जायचं याच्या चिठ्ठ्या निघत. कोणाला रोममध्ये सॅटर्नच्या देवळातला सरकारी खजिना, कोणाला ऑस्टिया बंदरावरचं धान्य, बाकीच्यांना प्रांत. सिसेरोला मिळालं सिसिलीचं पश्चिम टोक, लिलिबियम, आजचं मार्साला. ७५ हे टंचाईचं वर्ष होतं. त्याने तिथून रोमला भरपूर धान्य पाठवलं, व्यापाऱ्यांशी सचोटीने वागला, आणि रोममध्ये आपल्याशिवाय दुसरा विषय नसेल अशा समजुतीने परत निघाला.

पुढे काय झालं ते त्याने वीस वर्षांनी एका खटल्यात स्वतःच सांगितलं. वाटेत पुतिओली या बंदरात श्रीमंतांची गर्दी होती. एकाने विचारलं, रोमहून कधी निघालास, काही बातमी? सिसेरो म्हणाला, मी प्रांतातून येतोय. ‘हां, आफ्रिकेतून ना?’ नाही, सिसिलीतून, असं तो चिडून म्हणाला. तेवढ्यात सगळं माहीत असल्याच्या थाटात तिसरा बोलला, ‘अरे, हा सिरॅक्यूजला क्वेस्टर होता, ठाऊक नाही?’ तेही चुकीचंच. त्या दिवशी त्याला उमगलं की रोमन लोकांचे कान मंद आणि डोळे तीक्ष्ण आहेत. मग त्याने रोज त्यांच्या नजरेसमोर राहायचं ठरवलं. फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, पडून राहायचं, दारावर आलेल्या कोणालाही झोपेचं कारण सांगून परत पाठवायचं नाही. पुढे त्याने प्रीटर आणि कॉन्सल झाल्यावरही प्रांताचा कारभार घ्यायचं टाळलं, त्याला बऱ्याच अंशी हाच धडा कारण असावा.

सिनेटच्या आत

सुल्लाच्या आधी सिनेटमध्ये सुमारे ३०० जण असत. त्याने ती संख्या ६०० च्या घरात नेली आणि दर वर्षी क्वेस्टर झालेले वीसजण आपोआप आत यावेत अशी सोय केली. अंगरख्यावर रुंद जांभळा पट्टा आला, पायात वेगळे जोडे आले. बंधनंही आली. २१८ च्या एका कायद्याने सिनेटराला ३०० रांजणांपेक्षा जास्त माल मावणारं जहाज बाळगता येत नसे. शेतीचं उत्पन्न चालेल, उघड व्यापार नको. प्रत्यक्षात व्यापार गुलाम आणि मुक्त गुलामांच्या नावावर चालायचा.

आत बोलायची पाळी मात्र पदाच्या उतरंडीने यायची. आधी पुढच्या वर्षासाठी निवडून आलेले कॉन्सल, मग माजी कॉन्सल, मग प्रीटर आणि माजी प्रीटर, असं खाली खाली. सूर्यास्ताला सभा संपलीच पाहिजे, त्यामुळे नव्या माजी क्वेस्टरपर्यंत पाळी पोचणं दुर्मीळ. अशा सभासदांना ‘पायांनी मत देणारे’ म्हणत. मतदान म्हणजे ज्याचं म्हणणं पटलं त्याच्या बाजूला उठून जाणं, आणि बोलायला न मिळालेल्यांच्या हाती तेवढंच उरायचं. माणूस वरच्या पायरीसाठी का जीव टाकायचा, हे इथे कळतं. सिनेटर सहाशे असले तरी ज्यांचा शब्द ऐकला जाई असे फार थोडे.

आणि जागा ‘बहुधा’ जन्मभराची, असं वर लिहिलं, त्याला कारण सेन्सॉर. दर पाच वर्षांनी निवडायचे हे दोन ज्येष्ठ अधिकारी नागरिकांची गणती करत आणि सिनेटची यादी तपासत. नालायक वाटेल त्याचं नाव खोडत. ७० मध्ये त्यांनी एका फटक्यात ६४ नावं खोडली. त्यात लेंटुलस सुरा होता, जो आदल्याच वर्षी कॉन्सल होता. अशा माणसाला परत यायचा एकच मार्ग: शिडी खालून पुन्हा चढायची. सुरा खरोखरच पुन्हा प्रीटरपदाला उभा राहिला आणि ६३ साली दुसऱ्यांदा प्रीटर झाला. पन्नाशीतला माजी कॉन्सल, ज्यांना त्याने कधीकाळी हुकूम दिले त्यांच्या रांगेत. त्या अपमानाने त्याला कुठे नेलं ते पुढे येईलच.

मधली पायरी

ईडाइल हे पद शिडीत सक्तीचं नव्हतं. चारच जागा, काम शहराचं: रस्ते, बाजारातली मापं, धान्यपुरवठा आणि सणांचे खेळ. सरकार खेळांसाठी थोडी रक्कम द्यायचं, पण तेवढ्यात भागवणारा ईडाइल लोकांच्या मनातून उतरायचा. ऋण काढून सण करणं ही आपल्याकडे मूर्खपणाची खूण आहे; रोममध्ये ती गुंतवणूक होती. ज्युलियस सीझरने ६५ मध्ये ईडाइल असताना ग्लॅडिएटरांच्या ३२० जोड्या उतरवल्या, आणि कुठलंही मोठं पद मिळायच्या आधीच त्याच्यावर १३०० टॅलेंटचं (टॅलेंट हे मोठ्या रकमेचं ग्रीक माप) कर्ज होतं असं त्याचा चरित्रकार प्लुटार्क सांगतो.

सिसेरोने दुसरी युक्ती केली. ७० मध्ये, ईडाइलच्या निवडणुकीच्याच वर्षी, त्याने सिसिलीचा लुटारू सुभेदार व्हेरीस याच्यावर खटला भरला. बचावाला हॉर्टेन्सियस, तेव्हाचा पहिल्या क्रमांकाचा वक्ता आणि पुढच्या वर्षीचा कॉन्सल. व्हेरीसचा डाव सरळ होता: सणांच्या सुट्ट्या येईपर्यंत खटला ताणायचा, म्हणजे नव्या वर्षात कॉन्सल आपला आणि न्यायालयाचा प्रमुखही आपला. सिसेरोला पुरावे गोळा करायला ११० दिवस मिळाले होते; त्याने सिसिलीतलं काम ५० दिवसांत उरकलं. लांबलचक भाषण करायचा रिवाज मोडून थेट साक्षीदार उभे केले. निकाल लागायच्या आतच व्हेरीस परदेशी निघून गेला. हॉर्टेन्सियसला हरवणारा वकील आता रोममध्ये पहिला झाला. पुढच्या वर्षी सिसेरो ईडाइल असताना सिसिलीच्या लोकांनी त्याला माल पाठवला आणि तो त्याने शहरातली महागाई उतरवायला वापरला. खेळांवर त्याचा खर्च बेताचाच राहिला.

ईडाइलऐवजी काहीजण ट्रिब्यून होत. दर वर्षी दहा. सामान्य जनतेचे रक्षक म्हणवणारे. एकाच्या ‘मी मनाई करतो’ या शब्दावर अख्खं सरकार थांबे. पण हे पद जुन्या खानदानी पॅट्रिशियन घराण्यांना बंद होतं. सिसेरोचा वैरी क्लोडियस पॅट्रिशियन होता आणि त्याला सूड घ्यायला तेच पद हवं होतं. म्हणून ५९ मध्ये तो सामान्य घराण्यात दत्तक गेला. दत्तक ‘बाप’ मुलापेक्षा वयाने लहान होता.

प्रीटर म्हणजे न्यायाधीश: पुढे चालायला दंडांच्या जुड्या वाहणारे सहा लिक्टर, अंगावर जांभळ्या काठाचा टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं रोमन वस्त्र. ६६ साली सिसेरो प्रांतांतल्या लुटीचे खटले चालवणाऱ्या न्यायालयाचा प्रमुख झाला. निवडणूक मध्येच दोनदा बरखास्त झाल्याने त्या पदासाठी मतदान तीनदा घ्यावं लागलं आणि तिन्ही वेळा पहिलं नाव त्याचंच पुकारलं गेलं.

कॉन्सलची निवडणूक

कॉन्सलच्या निवडणुकीची तयारी वर्षभर आधी सुरू होई. ६५ च्या जुलैत सिसेरो आपला मित्र ॲटिकसला लिहितो की १७ जुलैला, ट्रिब्यूनांच्या निवडणुकीला मैदानात गर्दी असेल तेव्हा, तो लोकांचे हात धरायला सुरुवात करणार आहे. त्याच पत्रात प्रतिस्पर्ध्यांची एकेक करून झडती आहे, आणि सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत उत्तर इटलीतल्या गॉलमध्ये जाऊन यावं का, असा विचार आहे, कारण तिथल्या मतांना वजन आहे.

उमेदवार टोग्याला खडू चोळून तो पांढराशुभ्र करायचा. शुभ्र म्हणजे ‘कँडिडस’, म्हणून त्याला ‘कँडिडॅटस’ म्हणत. आपला ‘उमेदवार’ फारसीतल्या उमेदीवरून आला; इंग्रजीतला कँडिडेट या खडूवरून. बरोबर एक गुलाम असे, समोरून येणाऱ्याचं नाव कानात सांगणारा, कारण नावाने हाक न मारता हात हातात घेणं फुकट. माणसांची मोजदादही तीन प्रकारे होई: पहाटे घरी नमस्काराला येणारे, घरापासून फोरमपर्यंत सोबत चालणारे, आणि दिवसभर मागे फिरणारे. कोणामागे किती माणसं आहेत यावरून शहर अंदाज बांधायचं.

इथेच एक हुशार माणूस फसला. ६३ च्या निवडणुकीत सुल्पिकियस रुफस हा मोठा कायदेपंडित उभा होता. प्रतिस्पर्धी पैसे वाटतायत हे दिसल्यावर तो प्रचार सोडून पुरावे जमवत बसला. उमेदवारच खटल्याची तयारी करतोय म्हणजे त्याने हार मानली, असं लोकांनी धरलं, आणि त्याचे पाठीराखे पांगले. तो कॉन्सल झाला खरा, पण ५१ साली, बारा वर्षांनी.

नाव नोंदवायला स्वतः शहरात हजर राहावं लागे. नोंदणी आणि मतदान यांत तीन बाजारदिवसांचा अवधी. मतदानाची जागा मार्स देवाचं मैदान, शहराच्या वेशीबाहेर. पहाटे शकुन पाहायचे, नदीपलीकडच्या यानिक्युलम टेकडीवर लाल निशाण चढवायचं. निशाण उतरलं की सभा संपली. मेघगर्जना झाली तरी संपली. ५५ च्या प्रीटर निवडणुकीत मतदारांच्या पहिल्याच तुकडीचा कौल विरोधक केटोला गेल्यावर कॉन्सल पॉम्पेने गडगडाट ऐकू आल्याचं सांगून सगळ्यांना घरी पाठवलं.

मतदार १९३ तुकड्यांत, ‘सेंचुरीं’त, विभागलेले होते, आणि एका तुकडीचं एकच मत. गंमत तुकड्यांच्या वाटपात आहे. घोडेस्वारांच्या १८, पहिल्या श्रीमंत वर्गाच्या ७०. बहुमताला ९७ लागत. म्हणजे श्रीमंत एकमताने आले तर दुसऱ्या वर्गातल्या थोड्या तुकड्या मिळाल्या की निवडणूक आटोपली. ज्यांच्याकडे काहीच मालमत्ता नाही त्या सगळ्यांची मिळून तुकडी एक, आणि तिची पाळी शेवटी. बहुमत झालं की मोजणी तिथेच थांबे. ७० च्या गणतीत नागरिक नऊ लाखांच्या आसपास भरले होते. मतदानाचं ठिकाण एकच, रोम. इटलीच्या कानाकोपऱ्यातून जुलैत रोमला येऊन राहणं ज्याला परवडेल, त्याच्याच मताला किंमत. अर्पिनमसारख्या गावांतले सुखवस्तू लोक सिसेरोच्या पाठीशी होते, आणि या मोजणीत त्यांचं वजन शहरातल्या गरिबांपेक्षा कितीतरी अधिक होतं.

आवारात दोर लावून तुकड्यांसाठी लांबट रांगा केलेल्या असत. लोक त्या आवाराला ‘मेंढवाडा’च म्हणत. रांगेच्या टोकाला लाकडी साकव. १३९ पासून मतदान गुप्त झालं होतं. मेण लावलेली लाकडी पाटी घ्यायची, साकवावर चढायचं, दोन उमेदवारांची आद्याक्षरं कोरायची आणि पाटी टोपलीत टाकायची. साकवावर हितसंबंधी लोक उभे राहून पाटीत डोकावत, म्हणून मारियसने ११९ मध्ये ते साकव मुद्दाम अरुंद करून घेतले. ११३ च्या सुमाराच्या चांदीच्या एका नाण्यावर हे दृश्य कोरलेलं आहे: साकवावर एकजण खालच्या माणसाच्या हातून पाटी घेतोय, दुसरा ती टोपलीत टाकतोय. नखाएवढ्या जागेत अख्खं मतदान केंद्र.

पहिली तुकडी श्रीमंत वर्गातून चिठ्ठी टाकून निवडली जाई, आणि तिचा कौल लगेच पुकारला जाई. लोक त्याला शकुन मानत. बाकीचे त्या दिशेने झुकत. म्हणून सगळ्यांत जास्त पैसा तिच्यावर लागायचा. ५४ मध्ये कॉन्सलपदाच्या दोन उमेदवारांनी तिच्यासाठी एक कोटी सेस्टर्सची बोली केल्याचं सिसेरो लिहितो. वाटपाची यंत्रणा पक्की होती: प्रत्येक टोळीविभागाचा ठरलेला वाटप्या, आणि निकाल लागेपर्यंत रक्कम सांभाळणारा मध्यस्थ. जिंकलात तरच पैसे सुटणार. त्या वर्षी बाजारातला पैसा इतका ओढला गेला की १५ जुलैला व्याजाचा दर वर्षाला ४ टक्क्यांवरून ८ वर गेला. मग उमेदवार आणि सत्तेवरचे कॉन्सल यांच्यातला लेखी करारच मेमियस या एका उमेदवाराने सिनेटमध्ये वाचून दाखवला. चारही उमेदवारांवर खटले झाले आणि निवडणूक पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत लांबली.

कायदे कमी नव्हते. ६७ च्या कायद्याने लाच देणाऱ्याला सिनेटमधून काढून कायमचं अपात्र ठरवलं. ६३ मध्ये सिसेरोने स्वतः दहा वर्षांची हद्दपारी त्यात वाढवली आणि उमेदवारीच्या दोन वर्षांत ग्लॅडिएटरांचे खेळ भरवायला बंदी केली. त्याच वर्षी त्याच कायद्याखाली सापडलेल्या मुरेनाचा बचावही त्यानेच केला. त्याचं कारण राजकीय होतं: निवडणूक हरलेला कॅटिलिना बंडाला उठला असताना नव्या वर्षी दोन्ही कॉन्सल जागेवर हवे होते. मुरेना सुटला. कायदा कितीही कडक केला तरी दोन जागांसाठी आयुष्य पणाला लावलेली माणसं शिक्षेच्या भीतीने थांबणार नव्हती, आणि ती थांबलीही नाहीत.

६४ च्या निवडणुकीत सिसेरोसह सातजण उभे होते. आपल्याला सगळ्या तुकड्यांचा कौल मिळाला असं तो सांगतो. ९४ नंतर कोणी ‘नवा माणूस’ कॉन्सल झाला नव्हता. १ जानेवारी ६३ ला त्याने पद घेतलं तेव्हा त्याला ४३ वं वर्ष पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी होते. कायद्याने शक्य त्या पहिल्याच वर्षी तो पोचला होता, आणि याचा अभिमान त्याने कधी लपवला नाही. तिसरा आला कॅटिलिना. पुढच्या वर्षी तो पुन्हा पडला, आणि कर्ज फेडायची आशा संपल्यावर त्याने शस्त्रं जमवली.

कटाचे रोममधले सूत्रधार पकडले गेले. त्यांच्यात तोच लेंटुलस सुरा होता, प्रीटरच्या पदावर असलेला. ५ डिसेंबरला सिनेट भरली. बोलण्याचा क्रम किती महत्त्वाचा ते या दिवशी दिसतं. आधी पुढच्या वर्षीचा कॉन्सल सिलानस बोलला: कमाल शिक्षा. माजी कॉन्सलांनी मान डोलावली. मग निवडून आलेला प्रीटर सीझर बोलला: मृत्यू नको, जन्मभर कैद द्या. सभा डळमळली, सिलानसही शब्द फिरवू लागला. आणि मग खूप खालच्या रांगेतून, ट्रिब्यून म्हणून नुकता निवडून आलेला ३२ वर्षांचा केटो उठला आणि त्याने सभा पुन्हा मृत्युदंडाकडे वळवली. त्याच संध्याकाळी पाचजणांना तुरुंगात गळा आवळून मारलं. खटल्याशिवाय.

शिडीच्या माथ्यावर

कॉन्सलचे बारा लिक्टर वर्ष संपताच निघून जातात. पद असेपर्यंत खटला भरता येत नाही; ते सुटलं की माणूस उघडा पडतो. क्लोडियस ५८ मध्ये ट्रिब्यून झाला आणि नागरिकाला खटल्याशिवाय मारणाऱ्याला हद्दपार करणारा कायदा आणला. सिसेरो मार्चमध्ये रोम सोडून गेला. पॅलटाइन टेकडीवरचं, ३५ लाख सेस्टर्सला घेतलेलं घर जमावाने पाडलं. पुढच्या वर्षी ४ ऑगस्टला त्याच १९३ तुकड्यांनी त्याला परत बोलावलं. घरासाठी सिनेटने २० लाख भरपाई दिली.

बाकीचे माजी कॉन्सल प्रांतात जात, कर्ज फेडायला. व्हेरीस म्हणे सांगत असे की तीन वर्षांतली एका वर्षाची कमाई स्वतःला, दुसऱ्याची वकिलांना आणि तिसऱ्याची न्यायाधीशांना. त्याने सिसिलीतून ४ कोटी सेस्टर्स लुबाडल्याचा आरोप होता. सिसेरोलाही ५१ मध्ये एका नव्या कायद्यामुळे किलिकियाला, आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिणेला, जावं लागलं. त्याने गावांकडून पाहुणचारसुद्धा घेतला नाही, आणि तरी कायदेशीर मार्गाने वर्षात २२ लाख सेस्टर्स साठले. प्रामाणिक माणसाचा आकडा हा, यावरून बाकीच्यांचा अंदाज करावा.

कायद्यातल्या या फटींचं काय होऊ शकतं ते दोघांनी दाखवलं. पॉम्पे सिसेरोच्याच वर्षी जन्मला. सैन्याच्या जोरावर तो ७० मध्ये, एकही पायरी न चढता, कॉन्सल झाला. सिनेटमध्ये तो कधी बसलाच नव्हता, म्हणून सभा कशी चालवायची याची टिपणवही त्याला विद्वान व्हॅरोकडून लिहून घ्यावी लागली. सीझर ६० मध्ये स्पेनहून जिंकून आला. विजययात्रा हवी तर वेशीबाहेर थांबायचं, उमेदवारी हवी तर आत येऊन नाव नोंदवायचं. गैरहजेरीत नोंदणीची परवानगी त्याने मागितली. केटो सूर्यास्तापर्यंत बोलत राहिला आणि दिवस संपला. सीझरने विजययात्रा सोडली. दहा वर्षांनी हाच पेच फिरून आला. फौज सोडून रोममध्ये यायचं तर मधल्या काळात पद नाही, म्हणजे खटला ठरलेला. जानेवारी ४९ मध्ये त्याने फौजेसकट इटलीच्या सीमेवरची रुबिकॉन नदी ओलांडली. यादवी पेटली आणि तीत सीझर जिंकला.

४५ सालचा ३१ डिसेंबर. मैदानात क्वेस्टरांच्या निवडणुकीसाठी लोक जमलेत. कॉन्सल फाबियस मॅक्सिमससाठी खुर्ची मांडलेली आहे. तेवढ्यात तो मेल्याची बातमी येते. खुर्ची उचलतात. सीझर जमलेल्या लोकांना तिथेच कॉन्सलच्या निवडणुकीसाठी तुकड्यांत उभं करतो, आणि दुपारच्या सुमाराला कनिनियस रेबिलस नवा कॉन्सल जाहीर होतो. मुदत: दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत. ज्या पदासाठी सिसेरोने वर्षानुवर्षं झीज सोसली, ते आता उरलेल्या अर्ध्या दिवसासाठी वाटलं गेलं होतं. कनिनियसच्या कारकिर्दीत कोणी न्याहारी केली नाही, आणि कॉन्सल इतका जागरूक की त्याने डोळाही मिटला नाही, असं सिसेरो मित्राला कळवतो. आणि लगेच पुढे लिहितो: तुला हसू येईल, कारण तू इथे नाहीस, इथे असतास तर रडला असतास.